वळचणीच्या फटीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

उतरत्या छताला वळचणीपाशी इन्सुलेशन कसे भरावे आणि त्याच्या वर हवेसाठी ५० मिलिमीटरची फट का सोडावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी काल रात्रीच वाचली. उत्तर आज देत आहे, कारण काल दिले असते तर ते आपल्याच भाषेत दिले गेले असते. ‘अशा पुस्तकी लेखकांनी आधी एकदा तरी छपरात शिरून पाहावे’ हे वाक्य छपराविषयी नाही, माझ्याविषयी आहे. आणि ज्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही त्याच्या गुडघ्यांविषयी इतक्या खात्रीने लिहिण्याचे धाडस मला तरी झाले नसते.

एक चूक आधी मान्य करतो. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात ‘उष्णतारोधक’ असे हवे होते तिथे ‘बाष्परोधक’ पडले आहे. ते दुरुस्त केले आहे. ही चूक दाखवल्याबद्दल आभार. ती दाखवताना ‘अज्ञान’ हा शब्द वापरला नसता तरी मला ती समजली असती.

आता आपला मुख्य आक्षेप: ‘जिथे घर सर्वांत जास्त गारठते तिथेच हा लेखक वाऱ्याला दार उघडून देतो, त्यापेक्षा वासे पूर्ण भरून टाका.’ वाचायला हे पटते, आणि म्हणूनच त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. मी सांगितलेली ५० मिलिमीटरची फट खोलीत नाही, इन्सुलेशनच्या आतही नाही. ती इन्सुलेशनच्या वर, कौलांखालच्या फळ्यांच्या लगत आहे. त्या फळ्या थंडीत बाहेरच्या हवेइतक्याच गार असतात. त्यांच्याखालून बाहेरचीच हवा वळचणीकडून आढ्याकडे गेली, तर इन्सुलेशनच्या पांघरुणाच्या बाहेरची थंडी पांघरुणाच्या बाहेरच राहते. वाऱ्याला दार उघडले जाते ते पांघरुणाच्या पलीकडे, आणि तिथे त्याची गरजच असते.

का असते, ते आकड्यांत सांगतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, शून्य अंशाला पाच ग्रॅमही मावत नाही. २० अंशांच्या खोलीची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतले पाणी सुटू लागते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो. बाष्प मात्र खुशाल जाते, आणि बाहेर पडायला वाट नसेल तर फळ्यांना चिकटून बसते. खोलीच्या बाजूने बाष्परोधक कागद लावला तरी दिव्यांच्या भोकांतून आणि न चिकटवलेल्या सांध्यांतून ते वर जातेच.

आपण माझा अनुभव विचारला आहे, तर सांगतो. स्वतःच्या घराच्या माळ्यावरची उतरती तक्तपोशी मी स्वतःच्या हातांनी भरली होती, आणि आपण सुचवता तशीच भरली होती: १५० मिलिमीटरच्या वाशांमध्ये १५० मिलिमीटर ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस), भिंतीच्या माथ्यापर्यंत ठासून. कारागिराने ‘वर थोडी जागा सोडा’ असे सांगितले होते. मी त्याला हसलो होतो, अगदी आपल्यासारखाच. दुसऱ्या हिवाळ्यात कोपऱ्यात काळे डाग आले. तक्ते उतरवले तेव्हा वरून आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला थेंब लोंबत होता, फळ्यांवर बुरशी होती, आणि दोन वाशांची टोके बोटाने दाबली तर दबत होती. ग्लासवूल पिळून पाणी काढता येईल असे झाले होते. ओल्या इन्सुलेशनला इन्सुलेशन म्हणायचे की नाही, हे आपणच ठरवा.

‘मग तिथली जाडी कमी होते त्याचे काय?’ होते, आणि लेखात त्याचाच उपाय आहे, जो आपण बहुधा वाचलाच नाही. १५० मिलिमीटरचा वासा पूर्ण ग्लासवूलने भरला तर उष्णतारोध (आर-मूल्य, जितके मोठे तितकी उष्णता कमी निसटते) साधारण ३.७५ येतो. वर ५० मिलिमीटर सोडून १०० भरले तर २.५. परंतु वाशांच्या खालून पीआयआरचा (एक कडक फोम) ५० मिलिमीटरचा अखंड ताठ तक्ता ठोकला की त्यात सुमारे २.२५ ची भर पडते, म्हणजे बेरीज आपल्या ‘पूर्ण भरा’पेक्षा बरीच जास्त होते, शिवाय लाकडातून निसटणारी उष्णताही अडते, कारण लाकूड ग्लासवूलच्या तिप्पट उष्णता वाहून नेते. डोके थोडे अधिक वाकवावे लागेल, एवढीच किंमत.

वाऱ्याची भीती खरी आहे ती एकाच ठिकाणी, आणि तिच्यावर आपण बोट ठेवले असते तर मी आनंदाने मान्य केले असते. वळचणीतून शिरणारा वारा ग्लासवूलच्या उघड्या कडेत घुसला, तर तंतूंमधली स्थिर हवा हलते आणि तेवढ्या पट्ट्यात इन्सुलेशन निकामी होते. म्हणून भिंतीच्या माथ्यावर, प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये, एक उभी फळी घट्ट बसवून वाऱ्याला तिच्यावरून फटीत चढवायचे, आणि उताराचे इन्सुलेशन तिच्या आतल्या बाजूने भिंतीच्या इन्सुलेशनला भिडवायचे. हे काम ओणव्याने करावे लागते. माझे गुडघे ते जाणतात.

राहिले आपले इतर मुद्दे. पाखरे आणि उंदीर यांच्यासाठी बारीक जाळी असते. फवारायच्या बंद पेशींच्या फोमचे शास्त्रच निराळे आहे आणि माझा लेख त्यावर नव्हता. लेख लांब आहे, हेही खरे. आपली प्रतिक्रियाही आखूड नव्हती.

आपले छप्पर पूर्ण भरलेले असूनही ‘ठणठणीत’ आहे, असे आपण लिहिले आहे. एखाद्या थंड सकाळी वळचणीखालची एक फळी काढून वरच्या खिळ्यांची टोके पाहावीत. ती कोरडी आणि बिनगंजाची निघाली, तर इथेच कळवावे. मी लेखाच्या माथ्यावर तशी नोंद करीन. त्यासाठी छपरात शिरण्याचीही गरज नाही, शिडीवरून दिसते.