बायाए एका रात्रीत बुडालं नाही

पाण्याखालच्या संगमरवरी पुतळ्यांचा फोटो आणि त्याखाली मजकूर : 'रोमनांची पापनगरी बायाए देवाच्या कोपाने एका रात्रीत समुद्रात गडप झाली. वेसुव्हियसने पाँपेई गाडलं आणि हिला बुडवलं.' गेले काही दिवस हा मजकूर सगळीकडे फिरतोय. मला तो वाचून वाईट वाटतं, कारण खरी हकिकत याहून कितीतरी विलक्षण आहे.

'एका रात्रीत' हेच आधी घेऊ. इटलीतल्या नेपल्सच्या पश्चिमेचा, बायाएचा हा किनारा कांपी फ्लेग्रेई या प्रचंड ज्वालामुखीवर वसलाय. पोटातला शिलारस (वितळलेला खडक), वायू आणि गरम पाण्याचा दाब कमी-जास्त होतो, तशी वरची जमीन सावकाश खचते किंवा उचलली जाते. बायाएचा किनाऱ्यालगतचा भाग असा शतकानुशतकं खचत गेला. पुरावा समोरच्या पोत्सुओलीत उभा आहे. तिथल्या रोमन बाजाराच्या तीन खांबांना माणसाच्या डोक्याहून उंचावर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे ते खांब पाण्यात गेले आणि पुन्हा वर आले! 1982 ते 1984 या काळात तर पोत्सुओलीची जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली.

वेसुव्हियस हा ज्वालामुखी नेपल्सच्या पलीकडे आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. इ.स. 79 सालच्या त्या उद्रेकानंतरही बायाए नांदतं होतं. सम्राट हेड्रियन 138 साली इथेच वारला.

राहिलं पाप. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात या गावाला दुर्गुणांचं माहेरघर ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी इथून काढता पाय घेतला, हे खरं. पण त्याच्यानंतर कितीतरी पिढ्या लोक इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत अंग शेकायला येत राहिले. मौजमजा होती, तशी दुखण्यांवरची आशाही होती. एका नाराज तत्त्वज्ञाच्या पत्रावरून अख्ख्या गावाला शापित म्हणणं अन्याय आहे.

फोटोतले सम्राट क्लॉडियसच्या भोजनगृहातले पुतळे प्रतिकृती आहेत. अस्सल पुतळे बायाच्या (बायाएचं आजचं नाव) किल्ल्यातल्या संग्रहालयात जपलेत.

आणि 'गडप' म्हणाल, तर डोंगरउतारावरची स्नानगृहं आजही कोरड्या जमिनीवर आहेत. त्यातल्या एकाला लोक बुधाचं, म्हणजे मर्क्युरी या रोमन देवाचं, मंदिर म्हणतात, पण तेही स्नानगृहच. त्याचा सुमारे 21 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट रोमच्या पँथिऑन या प्रसिद्ध मंदिराहून शंभरावर वर्षं जुना आहे. आत पाणी साचलेलं असतं, वरच्या गोल झरोक्यातून ऊन त्यावर पडतं आणि हळू बोललं तरी आवाज घुमतो.