‘पोहता येत नाही? तरी चालतंय’: गोव्यातल्या स्कूबाच्या मेसेजला उत्तर

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. घाटावरची भाचरं तो मला पाठवतात आणि ‘मामा, हे खरं का?’ म्हणून विचारतात. मजकूर साधारण असा: ‘गोव्याला जाताय? स्कूबा कराच. पोहता येत नसलं तरी चालतं. पाठीवर ऑक्सिजन असतो, इन्स्ट्रक्टर धरून ठेवतो, तुम्ही काहीच करायचं नाही. वर्षभर कधीही या, पाणी काचेसारखं. सकाळी डाइव्ह, संध्याकाळच्या फ्लाइटने घरी.’

पोहण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. इन्स्ट्रक्टरसोबतच्या ट्राय डाइव्हला, म्हणजे नुसती करून बघायच्या बुडीला, पोहता येण्याची अट नसते, कारण ती उथळ पाण्यात असते, फार तर 12 मीटर. ‘ओपन वॉटर’चं, म्हणजे डायव्हिंग शिकल्याचं पहिलं सर्टिफिकेट हवं असेल तर मात्र 200 मीटर न थांबता पोहून आणि 10 मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. मग समुद्रात चार डाइव्ह, निदान दोन दिवसांत विभागलेल्या. ट्राय डाइव्ह केली म्हणजे डायव्हिंग आलं असं नाही. आणि ज्यांना तोंडावर पाणी आलं की दचकायला होतं, त्यांनी आधी गावातल्या पोहण्याच्या तलावात महिनाभर जावं. बोटीवरून उतरल्यावर पहिली लाट तोंडावरच येते.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच हवा गाळून, दाबून भरलेली असते: 21 टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन 6 मीटरच्या खाली गेलं तर तो विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात. हा नायट्रोजन लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

माझा खरा आक्षेप ‘तुम्ही काहीच करायचं नाही’ या वाक्याला आहे. माणसाला इजा होते ती या वाक्यामुळे. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरेल, खाली नेईल, वर आणेल. पण तुमचा कान आणि तुमचा श्वास त्याच्या हातात नसतो. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि कानाला तो सुरुवातीच्या दोन-तीन मीटरमध्येच सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणून कानातला दाब सारखा करायला नाक चिमटीत धरून नाकातच हलकेच फुंकर मारायची, कान दुखायच्या आधीच, दर हातभर उतरताना. दुखलं तर तिथेच थांबायचं, थोडं वर यायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही, पैसे भरलेले असले तरी.

श्वासाचा नियम एकच: तो कधीही रोखायचा नाही. 10 मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास धरून जेमतेम मीटर-दीड मीटर वर आलं तरी फुफ्फुसाला इजा होऊ शकते. घाबरल्यावर माणूस नेमका श्वासच धरतो, म्हणून हे बोटीवर नुसतं ऐकून भागत नाही, उथळ पाण्यात करून बघावं लागतं: तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तुकडा, काढून परत लावणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकातून फुंकून काढणं. गोव्याच्या ग्रँड आयलंड या बेटापाशी मी एका मुलीला पाहिलं. ती खुशीत होती, कॅमेऱ्याकडे बघून तिने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. इन्स्ट्रक्टरने तिला वर आणलं, आणि ते बरोबरच केलं. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा जेटीवर पैसे देण्याआधी विचारा: उथळ पाण्यात सराव किती वेळ? दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण विचारणारा फॉर्म कुठे आहे? ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

‘वर्षभर’ आणि ‘काचेसारखं’ ही दोन्ही चूक. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, डायव्हिंग बंद; हंगाम ऑक्टोबर ते मे. मांडवी-जुवारी नद्यांचा गाळ जवळच येत असल्यामुळे चांगल्या दिवसांतही अनेकदा मोजक्या मीटरपुरतंच दिसतं. तरी गोबरा दिसतो, पोपटमासा दिसतो, बुडालेल्या जहाजाचे अवशेष दिसतात, मला ते पुष्कळ वाटतं. नितळ पाणीच हवं असेल तर मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट बरं. आणि माशांना बिस्किटं घालून फोटो काढणाऱ्या बोटीवर जाऊ नका.

आता संध्याकाळची फ्लाइट. खोलात घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळून राहतो आणि हळूहळूच बाहेर पडतो. त्याआधी उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एका डाइव्हनंतर निदान 12 तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर 18 तास विमानात बसायचं नाही. गाडीने जाणाऱ्यांनीही हे ऐकावं. चोर्ला आणि आंबोली दोन्ही घाट 600 मीटरच्या वर जातात, बेळगावही त्याच उंचीच्या पुढे आहे, आणि दुपारी डाइव्ह करून रात्री घाट चढणारे कितीतरी आहेत. डाइव्ह सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा आणि शेवटचा दिवस मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला द्या.