जाड कातडे, मीठ-तुरटी आणि आठवडाभराची मुदत : एक प्रतिवाद

घरच्या घरी कातडे कमावू पाहणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो. गाय असो वा म्हैस, कातडे कितीही मोठे आणि जाड असले तरी मीठ व तुरटी लावून ते आठवडाभरात कमावता येते. घाई असेल तर द्रावण अधिक तीव्र करावे. रसायने नको असतील तर त्याच जनावराचा मेंदू त्याच्या कातड्याला पुरतो. आणि श्रम तेवढेच पडत असल्यामुळे नवशिक्याने मोठ्या कातड्यापासूनच सुरुवात करावी, असे त्याचे स्वरूप असते. या सल्ल्यावर विसंबणाऱ्याच्या हाती बहुधा कुजलेले किंवा फळीसारखे ताठ झालेले कातडे येते. एका जनावराचे अख्खे कातडे असे वाया जावे, ही मला क्षुल्लक गोष्ट वाटत नाही, म्हणून यातले एकेक विधान तपासू या.

पहिले विधान मीठ-तुरटीचे. ताज्या कातड्याच्या वजनात सुमारे 60 ते 65 टक्के पाणी असते. मीठ त्यातले बरेचसे ओढून घेते आणि जिवाणूंची वाढ थांबवते. हे टिकवणे झाले, कमावणे नव्हे, कारण खारवलेले कातडे पाण्यात भिजवले की ते पुन्हा कच्चेच होते आणि कुजू लागते. तुरटीचे काम याच्या एक पायरी पुढचे आहे. तिच्यातील ॲल्युमिनियमचे क्षार कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना धरतात, पण ती पकड इतकी सैल असते की पाण्याने ते क्षार धुऊन निघतात. हातमोजे किंवा पुस्तकाची बांधणी अशा, पाण्याशी फारसा संबंध न येणाऱ्या पातळ कातड्यासाठी तुरटी ही जुनी आणि प्रामाणिक पद्धत आहे. जाड कातड्याचा पट्टा किंवा पादत्राण करायचे असेल, तर मात्र तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आठवडाभराची मुदत आणि तीव्र द्रावण ही या सल्ल्यातली सर्वांत घातक जोडी आहे. बाभळीची साल, हिरडा किंवा ओकची साल यांतील टॅनिन, म्हणजे कातडे पक्के कमावणारे तुरट द्रव्य, कातड्यात दोन्ही बाजूंनी हळूहळू झिरपत मध्यापर्यंत पोहोचते, आणि त्यासाठी लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दोन मिलिमीटर जाडीच्या कातड्याला जेवढा काळ लागतो, त्याच्या जवळजवळ नऊपट काळ सहा मिलिमीटरच्या कातड्याला लागू शकतो. पूर्वी ओकच्या सालीच्या हौदांत बुटांच्या तळव्याचे चामडे तयार व्हायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे, तो उगाच नव्हे. ही वाट कमी करण्यासाठी सुरुवातीलाच कडक अर्क वापरला, तर बाहेरचा थर झपाट्याने कमावला जाऊन घट्ट होतो आणि पुढच्या टॅनिनची वाट तोच अडवतो. वरून तपकिरी आणि देखणे दिसणारे कातडे आत कच्चे राहते. म्हणूनच फिक्या अर्कापासून आरंभ करून तो टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा असतो. काम पूर्ण झाले की नाही, हे कॅलेंडर सांगत नाही. मानेजवळ किंवा पाठीमागे पुठ्ठ्याच्या भागावर, जिथे कातडे सर्वांत जाड असते तिथे, काठाची बारीक चीर कापून तिचा छेद पाहावा; मध्ये फिकट रेघ दिसली तर आतले कातडे अजून कच्चे आहे.

मेंदूविषयीच्या विधानाला इतिहासाचा आधार दिला जातो. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील आदिवासी स्त्रिया बायसनची कातडी मेंदू वापरून कमावत असत, हे खरेच आहे. पण त्या स्त्रिया आधी धारदार हत्यारांनी ते कातडे खरवडून पातळ करत, नंतर ते ताणून-घासून मऊ करत, आणि हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले होते. मेंदूतील स्निग्ध द्रव्ये तंतूंना वंगण देतात. कातडे भिजूनही मऊ राहावे यासाठी धुरी द्यावी लागते, कारण धुरातील ॲल्डिहाइडे ही रसायने कोलॅजेनला बांधतात. शिवाय गाईबैलाचा मेंदू जेमतेम अर्धा किलो भरतो, तर त्यांचे ताजे कातडे 25 ते 40 किलोपर्यंत जाते. मेंदू आणि मज्जारज्जू यांतून प्रायॉनजन्य (विकृत प्रथिनांमुळे होणाऱ्या) रोगांचा धोकाही असतो, त्यामुळे रोगाची शंका असलेल्या जनावराच्या मेंदूला हात लावू नये.

राहिले ‘श्रम तेवढेच’ हे विधान. एवढे ओले कातडे एकट्याने उचलणेही कठीण असते. त्याचे मांस आणि चरबी खरवडण्यात कित्येक तास जातात, आणि एका टोकाला काम चालू असताना उष्ण हवेत दुसरे टोक कुजायला लागते. केस राखायचे असतील तर ते तिथेच झडू लागतात. पिंपात ते ऐसपैस बसायला हवे आणि वारंवार ढवळायला हवे, नाहीतर घड्यांच्या आत द्रावण पोहोचत नाही. चर्मोद्योगात जाड कातडे यंत्राने चिरून त्याचे थर वेगळे करतात. घरी हेच काम हाताने सुरी चालवून करावे लागते आणि एका चुकीच्या फटक्यात भोक पडते. शेवटी वाळताना ते सतत ताणावे लागते, कारण स्वस्थ ठेवले तर तंतू एकमेकांना चिकटून बसतात. मोठ्या कातड्याला यासाठी किमान दोन माणसे लागतात. कातडे तयार करताना वापरायचा चुना आणि आम्ल हाताळताना हातमोजे व चष्मा हवा, हे छोट्या कातड्यालाही लागू आहे. पण इथे ओतून द्यायच्या खाऱ्या, चुनामिश्रित पाण्याचे प्रमाणच शंभर-दोनशे लिटरचे होते, आणि ते शेतात किंवा नाल्यात सोडता येत नाही.

नवशिक्याने सुरुवात सशाच्या किंवा शेळीच्या कातड्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे प्रत्येक टप्प्यातली चूक लवकर दिसते. मोठे कातडे आधीच हाती आले असेल, तर मांस खरवडून त्याच्या वजनाच्या निम्म्याइतके मीठ आतल्या बाजूला चोळावे, सुटलेले पाणी निथळू द्यावे आणि कातडे थंड, कोरड्या जागी ठेवावे. असे ते काही महिने टिकते. पुढे ते कमावायला घेताना पाठीच्या कण्याच्या रेषेवर कापून दोन भाग करावेत आणि एकच भाग भिजत घालावा.