चिरानचे वैमानिक खरंच ‘हसत हसत’ गेले?

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. जपानच्या कागोशिमा प्रांतात चिरान इथं दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विमानतळाच्या जागी आत्मघाती, म्हणजे शत्रूच्या जहाजांवर विमानासकट आदळणाऱ्या, वैमानिकांचं संग्रहालय आहे, ते बघाच, असं त्यात म्हटलंय. इथवर ठीक. पुढचे दावे असे: इथून १,०३६ वीर उडाले, सगळे स्वखुशीने गेले, त्यांनी अमेरिकेचं आरमार बुडवलं, तिथलं झीरो विमान त्याला साक्षी आहे आणि त्यांची पत्रं वाचली की ते सम्राटासाठी हसत मेले हे पटतं. शेवटी अर्थातच, ‘आपल्या तरुणांनी शिकावं’.

आधी झीरोचं उरकून घेऊ. झीरो नौदलाचं, चिरान तळ भूदलाचा. संग्रहालयातलं ते गंजकं, मोडकं धूड १९८० मध्ये कोशिकी बेटाजवळच्या समुद्रातून काढलेलं आहे. चिरानहून गेली ती हायाबुसासारखी भूदलाची विमानं, आणि तीही पुरेनात तेव्हा जुनाट टाइप ९७ लढाऊ विमानं. आकडाही चुकलाय. १,०३६ हे १९४५ मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटासाठी झालेल्या लढाईत मेलेले भूदलाचे सगळे आत्मघाती वैमानिक. भिंतीवर फोटो त्या सगळ्यांचे आहेत, पण चिरानहून गेलेले ४३९.

आरमार बुडालं का? ओकिनावाला अमेरिकी नौदलाची ३६ जहाजं बुडाली, सुमारे ४,९०० माणसं मेली. तडाखा जबरच होता. पण बुडालेल्यांत विनाशिकेहून मोठी युद्धनौका एकही नव्हती, आणि जूनमध्ये बेट जपानच्या हातून गेलंच.

खरा मुद्दा ‘स्वखुशी’चा. कित्येक तुकड्यांत वैमानिकांपुढे एक कागद यायचा: ‘तीव्र इच्छा’, ‘इच्छा’, ‘नाही’. निवडायचं आणि आपलं नाव घालून वरिष्ठांच्या हाती द्यायचं. विशी-बाविशीची पोरं, सर्वांत धाकटी १७ वर्षांची. सगळी तुकडी ‘इच्छा’ लिहीत असताना ‘नाही’ लिहायची कोणाची छाती होती? काहींना तर विचारलंसुद्धा नाही, थेट नेमणूक. इंजिन बिघडलं म्हणून परतलेल्यांना फुकुओकाच्या शिन्बु बराकीत डांबत आणि जिवंत का आलास म्हणून झापत. ज्यातून जिवंत परत येणं हाच गुन्हा, त्याला स्वेच्छा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

राहिली पत्रं. ती लष्कराच्या तपासणीतून जायची, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असे. म्हणून तर गावात खानावळ चालवणाऱ्या तोरिहामा तोमेबाई काहींची पत्रं चोरून टपालात टाकायच्या. तपासणीबाहेर राहिलेला एक मजकूर केइओ विद्यापीठाचा विद्यार्थी उएहारा र्‍योजी याचा, निघण्याच्या आदल्या रात्रीचा. हुकूमशाही राष्ट्रं काही काळ भरभराटली तरी शेवटी हरतातच, असं तो लिहितो, आणि उद्या एक उदारमतवादी या जगातून जाणार आहे, असंही. ११ मे १९४५ ला तो चिरानहून उडाला. त्याच दिवशी ताक क्यॉंग-ह्यॉनही गेला. तो कोरियन, आदल्या रात्री तोमेबाईंच्या खानावळीत त्यानं ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत म्हटलं होतं. त्या १,०३६ जणांत असे ११ कोरियन आहेत. ज्यांचा देशच जपाननं गिळला होता, त्यांनी कुठल्या मायभूमीसाठी हसायचं?

संग्रहालय बघायला जरूर जा. कागोशिमा शहरातून बसनं तासाभराहून थोडं जास्त लागतं. पण तेवढं बघून परतू नका. तोमेबाईंची खानावळ गावात पुन्हा उभारून तिचंही छोटं संग्रहालय केलंय. तिथंही तासभर काढा.