साठ हजारची पुडी

मे संपत आला की आमच्या मेडिकलमध्ये दोन गोष्टी जास्त खपायला लागतात. एक डासांच्या कॉइल आणि दुसरी साठ हजारची पुडी. म्हणजे व्हिटॅमिन डी-३ ची, साठ हजार युनिटची, दुधात घालून घ्यायची ती. कोविडपासून हे सुरू झालंय. हातात चिठ्ठी नसते. "पाऊस येतोय, जरा इम्युनिटीचं काहीतरी द्या" एवढंच. पुड्या खपल्या तर फायदा माझाच आहे, तरी मालवणात वीस वर्षं काउंटरमागे उभं राहून जे वाटतं ते आज लिहून टाकतो.

ही निव्वळ थाप नाही, हे आधीच सांगतो. क्षयाचा जंतू समोर आला की आपल्या काही पांढऱ्या पेशी व्हिटॅमिन डीच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन तयार करतात, हे २००६ साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. वाचलं तेव्हा मीही हरखलो होतो.

पण काचेच्या बशीतली पेशी वेगळी आणि चालतंबोलतं माणूस वेगळं. मंगोलियात जवळजवळ नऊ हजार शाळकरी मुलं घेतली, अर्ध्यांना तीन वर्षं दर आठवड्याला डी दिलं, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण आत काही नसलेलं औषध. बहुतेक मुलांच्या रक्तात डी कमीच होतं. तरी २०२० मध्ये निकाल आला तेव्हा क्षयाच्या संसर्गात दोन्हीकडे म्हणावा असा फरक नव्हता. सर्दी-खोकल्याचंही साधारण तसंच. २०१७ मध्ये पंचवीस चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा थोडा फायदा दिसला. तो जास्त करून ज्यांचं डी अगदी तळाला गेलं होतं त्यांना, आणि तेही रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं तर. महिन्या-दोन महिन्यांनी एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना नाही. २०२५ मध्ये आणखी चाचण्या धरून पुन्हा हिशोब केला, तर तो फायदाही इतका बारीक झाला की खरा की योगायोग, हे ठामपणे सांगता येईना.

म्हणजे कमी असेल तर डॉक्टरांना विचारून भरून काढा, हाडांसाठी तर नक्कीच. पण कमी नसताना वरून घेतलेल्या पुडीनं ताप दारातून परत जात नाही.

उलट काय होतं ते सांगतो. आमच्या आळीतल्या एक काकी. डॉक्टरांनी आठवड्याला एक, अशी आठ आठवड्यांसाठी दिली होती. काकी खोकंच घेऊन जायच्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा माझी ट्यूब पेटली. विचारलं तर म्हणाल्या, "रोज एक घेतंय रे, बरी ताकद येता." तोवर दोन महिने झाले होते. त्यानंतर उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. डी जास्त झाल्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं, चार दिवस सलाईनवर काढले. हे व्हिटॅमिन बी-कॉम्प्लेक्ससारखं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं. चूक काकींची कमी, माझी जास्त. तेव्हापासून पुडीवर मार्करनं वार लिहून देतो: रविवार.

आता नेहमीचा प्रश्न: कोकणात राहून डी कमी कसं? अहो, ऊन आहे, आपण कुठे आहोत उन्हात? घर माडा-पोफळींच्या सावलीत, स्कूटीवर स्कार्फ आणि हातमोजे, चार महिने आभाळ भरलेलं, बाकी वेळ दुकानात किंवा ऑफिसात काचेमागे. काचेतून ऊन येतं, पण डी बनवणारे किरण येत नाहीत. आणि सगळ्यात वाईट बातमी म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. बाळाला त्यात घेऊन बसायची आपली पद्धत गोड आहे, पण सूर्य इतका खाली असताना ते किरण फारसे पोचतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं. तेव्हाच नेमके आपण जेवून आडवे झालेलो असतो.

बांगडा आणि पेडवे, ह्या तेलकट मासळीत डी असतं. पण जून-जुलै बंदी, मग श्रावण. म्हणजे ऊन नसतं तेव्हाच ताटात तिखलंही नसतं. (सुक्या बांगड्यावर माझी भिस्त आहे, बायकोची नाही.)

परवा एक जण आला. लावणी तोंडावर, पायाला चिखल्या, घोट्यावर विळ्याचा ताजा काप. मागितली काय, तर पुडी. म्हटलं, आमच्याकडे लावणीच्या दिवसांत जीव घेतो तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदराच्या मुतानं बाटलेलं पाणी ह्या कापातूनच आत जातं, त्याला ही पुडी काय करणार? आरोग्य केंद्रात जा, लेप्टो टाळायच्या डॉक्सीसायक्लिन गोळ्यांचं विचार, आणि गमबूट घाल.

"गमबूट घालून लावणी कोण करता रे?" तो हसत म्हणाला. पुडी काउंटरवरच ठेवली, पट्टी आणि मलम घेतलं, आणि अनवाणीच गेला.