गळती सापडू नये म्हणून

गावचं घर कौलारू आहे, पाऊस कोकणातला आहे आणि तुम्ही मुंबईला आहात. म्हणजे गळतीला लागणारं निम्मं भांडवल तुमच्याकडे आयतंच आहे. उरलेलं निम्मं कसं उभं करायचं, ते सांगतो. या विषयात माझा वीस पावसाळ्यांचा अनुभव आहे आणि इतक्या वर्षांत आमच्या घराची गळती मी एकदाही सापडू दिलेली नाही.

सुरुवात मे महिन्यात करायची, म्हणजे काहीच करायचं नाही. जुनी माणसं उतावीळ. ७ जूनच्या सुमाराला मृग लागणार म्हणून आधीच गडी बोलावून कौलं परतून घ्यायची. फुटकी काढायची, सरकलेली जागेवर बसवायची, दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीतला पाचोळा उपसायचा. तुम्ही मेमध्ये गावी जाता ते आंबे आणि लग्नं यांसाठी. छपराकडे बघायचंच तर फोटोपुरतं बघा. लाल कौलं आणि त्यांवर झुकलेला माड, फार सुंदर दिसतं. तोच माड जुलैत एक नारळ खाली सोडतो आणि वानरं उरलेलं बघून घेतात.

खर्चाचा विषय कुणी काढलाच तर घरपट्टीचा उतारा बाहेर काढा. आमच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. छप्पर सगळ्यांचं असतं, गळती मात्र ज्याच्या खोलीत पडते त्याची. बोरिवलीच्या काकांचं म्हणणं, माजघर आमच्या वाट्याला नाही. ठाण्याच्या आत्याचं म्हणणं, आम्ही तर वर्षातून पाचच दिवस येतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय टाकला की आधी अंगठे येतात आणि मग सुप्रभात.

आता छपराचं तंत्र. मंगलोरी कौल ही भलतीच अडचणीची वस्तू आहे. बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि असं कौल घडवलं की नीट लावलं तर ते गळतच नाही. खालच्या बाजूला नाक, ते रिपेवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीवर, अडकतं. कडेला खाच, तीत शेजारचं कौल बसतं. वरची ओळ खालच्या ओळीवर चढते. खिळा नाही, सिमेंट नाही. पाणी वरून खाली जातं एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचा विश्वास. तो मोडून काढायला कष्ट पडतात, पण जमतं.

पहिली युक्ती, डिश बसवणाऱ्या पोराला बुटांसकट वर चढवा. जाणता गडी खाली रीप आहे तिथे, दोन ओळी एकमेकींवर येतात तिथे बेतानं पाय ठेवतो. हा पोरगा कौलाच्या पोटावर उभा राहून सिग्नल शोधतो. तुम्हाला तीनशे चॅनेल मिळतात आणि छपराला सहा चिरा. त्या खालून दिसत नाहीत, म्हणून तर त्या इतक्या टिकतात.

दुसरी युक्ती, दिसेल त्या फटीत सिमेंट भरा. आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, चुन्या-सिमेंटात बसवतात हे खरं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. कौल उन्हात तापतं, पावसात थंड होतं, हलतं. सिमेंट हलत नाही, तडकतं. मग त्या केसाएवढ्या चिरेत पाणी शिरतं आणि सुटवंग कौलावरून जे सरळ वाहून गेलं असतं ते तिथेच मुक्कामाला राहतं.

तिसरी युक्ती माझी सर्वांत लाडकी. जुन्या घराला स्लॅबची संडास-बाथरूम जोडा. नव्या भिंतीला कौलं जिथे भिडतात तिथे खरं तर भिंतीत खाच मारून पत्रा घालायचा असतो, म्हणजे भिंतीवरून उतरलेलं पाणी पत्र्यावरून कौलांवर येतं. गवंड्याला सांगा, पत्र्याचा खर्च नको, थोडा माल लाव. पहिल्या पावसाळ्यात माल धरतो. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत आणि छप्पर आपापल्या दिशेनं निघतात, भाऊबंदांसारखे.

मागच्या पडवीवर पत्रा टाकायचा झाला तर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारू नयेत, पाणी वाहतं त्या खोलगट भागातच मारावेत. ड्रिल गच्च दाबा, म्हणजे रबराचा वॉशर चेपून फाटेल. दोन पत्रे एकमेकांवर चढवताना तोंड नैऋत्येकडे उघडं ठेवा, पाऊस तिथूनच येतो, त्याला वळसा कशाला? ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं रायगड-रत्नागिरीतले पत्रे कुठल्या कुठे नेले, तेव्हापासून आमच्याकडे पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत पडली आहे. दगड पत्रा धरून ठेवतो आणि पत्र्याला भोकही पाडतो.

(लोणावळ्याला बंगला असेल आणि त्यावर डांबरी शिंगल्स असतील, तरी निराश होऊ नका. शिंगलचा खिळा वरच्या ओळीखाली झाकला जायला हवा. कारागिराला थोडा खाली मारायला सांगा, खिळ्याची डोकी उघडी राहतील. प्रत्येक डोकं म्हणजे एक नळ.)

एवढं करून जूनमध्ये थेंब पडायला लागला की शोध सुरू करायचा. इथे बहुतेक लोक चुकतात आणि गळती सापडते. म्हणून नियम पक्का ठेवा: थेंब जिथे पडतो, बरोबर त्याच्यावरचं कौल बदला. बालदी खाली, कौल वर, सरळ रेषेत. पाणी तसं येत नाही. ते वर कुठेतरी आत शिरतं, वाशाला धरून हात-दोन हात खाली सरकतं आणि एखाद्या रिपेपाशी अडखळून पडतं. आमचा गडी म्हणतो, "पानी वरसून येता, हय फक्त पडता." त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तीन वर्षांत आम्ही एकाच जागची बारा कौलं बदलली आणि बालदी हलली नाही.

पावसाची उघडीप असताना भर दुपारी दारं-खिडक्या लावून माजघरात उभं राहायचं आणि वर बघायचं, हा तर गाढवपणा. अंधारात फटी चांदण्यांसारख्या चमकतात. वाशावरच्या काळ्या ओघळांचा बोटानं वरच्या दिशेला माग काढत गेलं तर चोर पाच मिनिटांत हाती लागतो. एकानं आत थांबून दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, वळचणीपासून सुरू करून एकेक ओळ वर चढत, हेही कुणी सुचवेल. विषय बदला.

त्यापेक्षा निळा प्लास्टिकचा कागद आणा. तो सगळ्या छपरावर पसरला की गळती, कौलं आणि जबाबदारी तिन्ही एकदम झाकली जातात. खाली हवा कोंडते, रिपा ओल्या राहतात, वाळवीला आसरा मिळतो. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात वाळवीनं जायचं कुठे?

चतुर्थीला सगळे जमतील. नेमका माटवीवरून, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीवरून, एक थेंब त्याच्या सोंडेवर पडेल. बोरिवलीचे काका म्हणतील, देवानं अभिषेक करून घेतला. पुढच्या मेमध्ये नक्की, असं ठरेल. आमचा गडी दर चतुर्थीला येतो, नमस्कार करतो आणि वर बघून बोट दाखवतो: कोन्याच्या खाली तिसरी ओळ, भिंतीला लागून. तो तोंड उघडायच्या आत त्याच्या हातावर आणखी एक मोदक ठेवायचा.