चौथा प्रश्न तुमचा

टीव्हीच्या बातम्यांत ‘पहिली बाई’ म्हणून नाव काढायचंय? मग टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्सचा कित्ता गिरवा. अमेरिकेत त्यांनी तो घालून ठेवलाच आहे.

सुरुवात पडद्यामागून करा. १९६१ साली वॉल्टर्सबाई एनबीसी वाहिनीच्या सकाळच्या ‘टुडे’ कार्यक्रमात लागल्या त्या लिहून द्यायला. पडद्यावर ‘टुडे गर्ल’ असायची. तिनं हवामान सांगायचं आणि गोड हसायचं. चुकायला जागाच नाही. इतकी सुरक्षित नोकरी आता शोधून सापडायची नाही!

पुढे पडद्यावर आलात की तुमच्या नशिबी ‘टुडे’चे मुख्य निवेदक फ्रँक मॅकगी येतील. ते वरिष्ठांकडून नियमच करून आणतील: स्टुडिओत कोणी बडा पाहुणा आला की पहिले तीन प्रश्न त्यांचे, चौथा तुमचा. रुसू नका. तीन प्रश्नांत पाहुण्याचं देशाचं भवितव्य वगैरे सांगून होतं, चौथ्याला तो घड्याळ बघतो. तुमचं काम किती हलकं झालं बघा. फक्त हा नियम स्टुडिओपुरताच आहे, हे लक्षात येऊ देऊ नका. वॉल्टर्सबाईंच्या ते आलं. मग काय, त्या बाहेर पडून स्वतःच पाहुणे गाठू लागल्या आणि पहिला प्रश्नही स्वतःच विचारू लागल्या. याला आगाऊपणा म्हणतात.

बढतीची घाई नको. १९७४ मध्ये मॅकगी वारले, तेव्हा कुठे बाईंना सहनिवेदक हा हुद्दा अधिकृतपणे मिळाला. तेराच तर वर्षं!

१९७६ मध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीनं त्यांना वर्षाला १० लाख डॉलर देऊ केले आणि संध्याकाळच्या राष्ट्रीय बातम्यांना बसवलं. तुम्हालाही असं कोणी बोलावलं तर तयारीत राहा. तुमच्या बातम्यांपेक्षा तुमच्या पगाराचीच बातमी मोठी होईल. शेजारी सहनिवेदक हॅरी रीझनर असतील. तुम्ही तिथं बसलेल्या त्यांना खपत नाही, हे ते लपवणार नाहीत. प्रेक्षकांना काय, बातम्यांसोबत घरगुती भांडण फुकट. तिकडे लक्ष न देता वॉल्टर्सबाईंनी पुढच्याच वर्षी इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना जेरुसलेममध्ये एकत्र बसवून मुलाखत घेतली. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

त्यांची एक खोड मात्र अजिबात उचलू नका. मुलाखतीआधी बाई प्रश्न कार्डांवर लिहीत, क्रम पुन्हा पुन्हा बदलत, नको ते गाळत. आपल्या रात्री नऊच्या चर्चेला हे कसं परवडणार? आठ चौकटींत आठ पाहुणे. त्यांना प्रश्न विचारून उत्तरं ऐकत बसलं, तर ओरडायचं कधी?